एका उदासीन शब्दाची काळजी

मेस्त्री मॅडम कोणालाही, कुठेही एकच प्रश्न विचारायच्या. "हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?" रिक्षावाल्याला विचारायच्या, लिफ्टमनला विचारायच्या, ऑफिसात चहा आणणाऱ्या शेट्टीला तर रोजच. एकदा मी त्यांच्यासोबत दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. तिथे सुजलेला गाल धरून बसलेल्या एका गृहस्थांना त्यांनी ‘बधिर’ आणि ‘सुन्न’ यांतला फरक विचारला. त्या बिचाऱ्याला तोंड उघडता येत नव्हतं. त्याने हातानेच काहीतरी सांगितलं आणि मॅडमनी समाधानाने मान हलवली. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं.

अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या एका जुन्या इमारतीत आमचं भाषांतराचं ऑफिस होतं. औषधांच्या खोक्यातली पत्रकं, बँकांचे अर्ज, मिक्सर कसा वापरावा याच्या पुस्तिका, कारखान्यांत लावायचे सूचनांचे बोर्ड, असा सगळा माल इंग्रजीतून यायचा आणि मराठीतून जायचा. मी घाटकोपरहून मराठीतली एम. ए. आणि भरपूर तोरा घेऊन तिथे दाखल झाले. पहिल्या दिवशी मॅडम खिडकीपाशी बसून कांदिवलीला आपल्या वहिनीला फोन करत होत्या. न्यूट्रल म्हटल्यावर तुला काय आठवतं, असा सवाल होता. वहिनीच्या गॅसवर बहुतेक दूध असावं, कारण तिचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू आला. मॅडमनी फोन ठेवला आणि माझं नावही न विचारता म्हणाल्या, "आणि तुला गो?"

मी ऐटीत म्हटलं, "तटस्थ."

"ता पुस्तकातला झाला. तुका काय आठवता?"

राग आला, आनंद झाला किंवा भीती वाटली की त्या मालवणीवर यायच्या. मी जरा वरमले आणि खरं ते सांगितलं. मला पार्लर आठवत होतं. केस सरळ करताना शेवटी एक उग्र वासाचं क्रीम फासतात, त्याला तिथल्या मुली न्यूट्रलायझर म्हणतात. मॅडमचा चेहरा एकदम खुलला. एम. ए.चं त्यांना काही कौतुक वाटलं नव्हतं, पण त्या क्रीमवर मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली.

हा शब्द त्यांना कितीतरी वर्षं छळत होता. इंग्रजीत तो कुठेही सारखाच दिसतो आणि मराठीत आला की प्रत्येक दारात वेगळा उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं. रिक्षावाला सांगायचा, उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की गॅस वाचतो. इलेक्ट्रिशियन सांगायचा, न्यूट्रलच्या वायरीला हात लावला तर काही होत नाही, पण मॅडम, तुम्ही लावू नका. त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी प्रत्येक मीटिंगमध्ये "मी न्यूट्रल आहे" म्हणायचा आणि तो बिल्डरच्या बाजूचा आहे हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. साथीच्या काळात लशींची पत्रकं आली तेव्हा विषाणूला न्यूट्रलाइझ करणारी प्रतिपिंडं आली. आणि मग बातम्या होत्या. एका चॅनलचं थोडं काम आमच्याकडे यायचं. त्यात अमुक जणांना न्यूट्रलाइझ केलं असं असायचं. आमचे दामले सर, म्हणजे ऑफिसचे मालक, तिथे ‘निष्प्रभ केले’ असं लिहायला सांगायचे. मॅडम प्रत्येक वेळी ‘ठार मारले’ लिहायच्या आणि सर प्रत्येक वेळी बदलायचे. एकदा मात्र मॅडम उठून त्यांच्या टेबलाशी गेल्या. "सर, बॉम्ब निष्प्रभ होतो. माणूस मरतो," एवढं बोलून परत येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

स्वभावच काळजीचा होता. ऑफिसातला फोन वाजला की हातातलं पेन खाली ठेवून त्या दाराकडे बघायच्या, जणू कोणी पकडायलाच येणार आहे. घराला कुलूप लावून खाली उतरायच्या आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघायच्या. आम्ही त्यांची टिंगल करायचो, मी सगळ्यांत जास्त. एकदा एका खोकल्याच्या औषधाचं पत्रक छापायला गेल्यावर त्यांनी तीनतीनदा प्रेसला फोन केले, तेव्हा मी म्हटलं, मॅडम, जाऊ द्या ना आता, गेलं ते आपल्या हातातून. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तीच तर भीती. शब्द हातातसून सुटलो काय तो खय जावन उभो रवात, कोणाक ठावक?" तेव्हा मी हसले होते. त्या स्वतःही थोड्या हसल्या, पण प्रेसला चौथा फोन केलाच.

या बाईने जगातला प्रत्येक शब्द दहा जणांना विचारून तपासला, फक्त एक सोडून. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मालाडला वॉचमन झाले. घरात पहिली बी.एस्सी. यांची, रसायनशास्त्राची, आणि शाळा मराठी माध्यमाची. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं होतं. चंबूतल्या गुलाबी द्रावणात आम्लाचा थेंब थेंब सोडायचा, आणि एका थेंबाला रंग जातो. आम्लाचा दाह गेला, अल्कलीचा गेला, मागे राहिलं मीठ आणि पाणी. याला म्हणतात उदासिनीकरण. हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. जगातली सगळी भांडणं अशी मिटली असती तर, असं काहीतरी त्या म्हणायच्या आणि मी जांभई द्यायचे. तो शब्द त्यांना इतका आपला वाटत होता की दुसऱ्या कोणाला विचारायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

एका व्यापाऱ्याकडून कारखान्यांचे बोर्ड करायचं काम आलं. साकीनाक्याला धातूवर मुलामा चढवणारे छोटे छोटे गाळे आहेत, तिथे आम्लाची पिंपं असतात. बोर्डावर दोन गोष्टी सांगायच्या होत्या. जमिनीवर आम्ल सांडलं तर सोडा टाकून त्याचा दाह घालवा. आणि अंगावर उडालं तर सोडाबिडा काही लावू नका, नुसतं पाणी ओतत राहा. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द होता. मॅडमनी वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आम्ल सांडल्यास सोड्याने उदासीन करावे’. खाली बारीक अक्षरांत, ‘त्वचेवरील आम्ल उदासीन करू नये, भरपूर पाण्याने धुवावे’. रसायनशास्त्राच्या दृष्टीने अक्षर न् अक्षर बरोबर होतं. जागा कमी पडली म्हणून व्यापाऱ्याने वरच्या ओळीतलं ‘सोड्याने’ गाळलं. बोर्ड छापून झाले, लागलेसुद्धा, आणि एक नमुना आमच्याकडे आला.

तो नमुना मॅडमच्या टेबलावर उभा होता. शेट्टी चहाचे ग्लास ठेवता ठेवता वाचायला लागला. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, हे काय आहे? ॲसिड सांडलं तर उदास व्हायचं?" आम्ही सगळे हसलो. तोही हसला आणि म्हणाला, तसं नाही, मला माहितीये, उदासीन म्हणजे लक्ष द्यायचं नाही, माझा मेहुणा संसाराबद्दल उदासीन आहे.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बोर्ड हातात घेतला आणि ओठ हलवत पुन्हा पुन्हा वाचला, परक्या माणसाचं पत्र वाचावं तसा. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. रंग उतरणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. मग त्या सरळ दामले सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, बोर्ड परत मागवा.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावलं की शब्द पाठ्यपुस्तकातला आहे, पार्टीने मान्य केला आहे, गाळलेला शब्द त्यांनी गाळला आहे. "आपण न्यूट्रल आहोत, मॅडम. मजकूर त्यांचा, बोर्ड त्यांचा. आपण मधले."

मॅडमनी कोणकोणत्या कारखान्यांत बोर्ड लागले ते विचारलं. सर म्हणाले, ते आपल्याला कळवत नाहीत आणि आपण विचारणं बरं दिसत नाही.

शनिवारी त्या मला घेऊन साकीनाक्याला गेल्या. घेऊन गेल्या म्हणजे काय, मला म्हणाल्या, तू नाही आलीस तरी मी जाणार, फक्त रस्ता ओलांडायची मला भीती वाटते. साकीनाक्याचा तो चौक ओलांडायची भीती शहाण्या माणसाला वाटायलाच हवी. गेले मी. चिंचोळ्या गल्ल्यांतून, जॉबवर्कच्या पाट्या बघत, नाकाला झोंबणाऱ्या वासाचा माग काढत आम्ही एका गाळ्यात शिरलो. भिंतीवर आमचा बोर्ड होता. नवा कोरा, झकास चकचकीत.

त्याच्याखाली एक बाई पितळेच्या कड्या धूत बसली होती. सविता तिचं नाव. आरेमधल्या एका पाड्यावर राहायची, रोज बसने कामाला यायची. मॅडमनी तिला बोर्ड वाचून दाखवायला सांगितला. तिने घडाघडा वाचला, एकही अक्षर न अडखळता.

"म्हणजे काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

सविताने हसून पदराला हात पुसले. "म्हणजे गप बसायचं. मनाला लावून नाही घ्यायचं. शेटला सांगायला नाही धावायचं."

"आणि अंगावर उडालं तर?"

"वर लिवलंय उदासीन करा, खाली लिवलंय उदासीन करू नका. आता कोणाचं ऐकायचं? आम्ही आपलं सोडा चोळतो." तिने कोपऱ्यातलं पोतं दाखवलं.

मॅडमनी माझा दंड घट्ट धरला. तरी आवाज शांत ठेवून त्यांनी विचारलं, सांडलेल्याला तुम्ही काय म्हणता? सविता म्हणाली, आम्ही म्हणतो ॲसिड मारलं. सोडा टाकायचा आणि मारायचं. मॅडम माझ्याकडे वळल्या. "बघ गो. थय बातमीत माणसाक मारतत आणि न्यूट्रल म्हणतत. हय न्यूट्रल करतत आणि मारला म्हणतत. आणि मी शाणी, मी म्हटलंय उदासीन."

पर्समधून त्यांनी जाड मार्कर काढला आणि स्टुलावर चढल्या. बोर्डाच्या मोकळ्या जागेत लिहिलं: ‘जमिनीवर सांडलं, तर सोडा टाकून मारायचं. अंगावर उडालं, तर आधी पाणी. खूप पाणी. सोडा अंगाला लावायचा नाही.’ शुद्धलेखनाच्या बाबतीत कोणाचीही गय न करणाऱ्या बाईने ‘सांडलं’ आणि ‘मारायचं’ असं बोली लिहिलं, आणि मागे सरून एकदाही तपासलं नाही. सविताकडून तेवढं वाचून घेतलं आणि पाणी कुठे आहे विचारलं. नळ होता, रिकाम्या पिंपांच्या मागे, गंजून बसलेला. मालक आला, हे कोण आलंय, इन्स्पेक्टर आहात का, म्हणून आवाज चढवला. मॅडम त्याच स्टुलावर बसून राहिल्या. पिंपं हलेपर्यंत मी उठणार नाही, इतकंच त्या म्हणत होत्या, आणि ते इतक्या घाबरलेल्या आवाजात, की त्याला शेवटी काय वाटलं कोण जाणे, त्याने स्वतः पिंपं ढकलली आणि नळाला पाना लावून दिला.

त्यानंतर आमचे शनिवार त्यातच गेले. बोर्ड ठोकणारा माणूस मॅडमनी शोधून काढला. त्याला गल्ल्या आठवत होत्या, नावं नाही. नंतर त्यांनी स्वखर्चाने चिकटवायच्या पट्ट्या छापून घेतल्या. मी कुरकुर करायचे, ऊन आहे म्हणायचे, तुम्ही हे फारच मनाला लावून घेता म्हणायचे, आणि म्हणताना सविताचं वाक्य आठवून गप्प व्हायचे. व्यापाऱ्याची तक्रार आलीच. सरांनी माफीचं पत्र मागितलं. मॅडमनी त्याऐवजी राजीनामा दिला, टेबल पुसलं, शेट्टीला विचारलं की ‘निरोप’ म्हटल्यावर तुला काय आठवतं, आणि गेल्या. शेट्टी ग्लास गोळा करत राहिला.

पावसाळ्यानंतर कधीतरी मला सविताचा फोन आला. गाळ्यातल्या एका माणसाच्या कोपरापर्यंत ॲसिड उडालं होतं. दुसऱ्याने सवयीने पोत्याकडे धाव घेतली होती. सविताने त्याला ढकललं आणि पहिल्याचा हात नळाखाली धरला, तो ओरडत होता तरी सोडला नाही. हात वाचला, फोड आले तेवढेच. मॅडम आता कांदिवलीला वहिनीकडेच राहत होत्या. मी धावतच तिथे गेले, ही बातमी फोनवर सांगायची नव्हती. ऐकून मॅडम पलंगावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मलाही रडू आलं, इतकं बरं वाटलं होतं. मला वाटलं, सुटल्या आता या. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आणि तो वसईचो?"

एक बोर्ड राहिला होता. त्या पत्त्यावर आम्ही पोचलो तेव्हा गाळा रिकामा होता. भिंतीवर बोर्डाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन आणि स्क्रूची भोकं दिसत होती. शेजारच्याने सांगितलं, ते लोक सामान घेऊन वसईकडे गेले, पंखे, वायरी, बोर्ड, सगळं काढून नेलं. नाव विचारलं तर तो कधी पटेल म्हणाला, कधी पांडे. पुढे आम्ही वसईला बऱ्याच खेपा केल्या. औद्योगिक वसाहतींना तिथे अंत नाही, आणि निम्म्या ठिकाणी वॉचमन आतच सोडत नाही. पेपरात कुठल्याही कारखान्यात कोणी भाजल्याची बातमी आली की मॅडमचा फोन यायचा, वसईचो तर नाय? मी सांगायचे, नाही, तो स्फोट होता, तो बॉयलर होता. त्या म्हणायच्या, बरं. आणि फोन ठेवायच्या नाहीत.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. कांदिवलीच्या हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. म्हणाल्या, दिवसभर त्या बोर्डाचंच चाललंय, डॉक्टर म्हणतात शांत ठेवा, तू आत जाऊन सांग की सापडला, एवढं पुण्य कर. मी हो म्हटलं. खरंच तसं सांगायचं ठरवूनच मी आत गेले.

मॅडम उशीला टेकून होत्या, नाकात नळी. मला बघून त्यांनी पहिलं तेच विचारलं, "गावलो?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. त्या अगदी हळू म्हणाल्या, "कोणाकडसून वाचून घेतलंस?"

मला नाव सुचलं नाही. एक नाव सांगायचं होतं, कुठलंही, कमल, सुनीता, आणि त्या बाईने बोर्ड वाचून काय म्हटलं तेवढं रचायचं होतं. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं मी. जमलं नाही. मी म्हटलं, "नाही सापडला, मॅडम."

मला वाटलं, आता यंत्र वाजायला लागेल, नर्स धावत येईल. तसं काही झालं नाही. त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"खरा सांगलंस, ता बरा केलंस," त्या म्हणाल्या. "मगे शोध गो. मी हय पडलंय, म्हणान तो थांबाचो नाय."

दोन दिवसांनी त्या गेल्या.

मी शोधते. नोकरी आता दुसरीकडे आहे, पण जमेल त्या शनिवारी वसईला जाते. वॉचमन ओळखीचे झालेत, मला बोर्डवाली बाई म्हणतात. लोकांना वाटतं हे खूळ आहे, माझ्या नवऱ्यालाही वाटतं, आणि कधीकधी उन्हात उभी असताना मलाही वाटतं. पण शनिवार चुकला की रविवारचा पेपर उघडायची हिंमत होत नाही. बोर्ड चांगल्या पत्र्याचा होता, शाई पक्की होती, तो सहजासहजी खराब होणार नाही. आज तो कुठल्यातरी भिंतीवर आहे, आणि त्याच्याखाली आजही कोणीतरी कामाला येऊन बसलं असेल.